दिवा न बघता

विज्ञान संग्रहालयातल्या वीज-दालनाची देखभाल माझ्याकडे आहे. म्हणजे दारं उघडण्याआधी व्हॅन डी ग्राफचा, म्हणजे हात लावला की केस उभे करणाऱ्या स्थिर विजेच्या यंत्राचा, पट्टा आणि खांब हेअर ड्रायरने सुकवायचा, कारण हवा दमट असली की विद्युतभार गळून जातो, कुणाचे केस उभे राहत नाहीत आणि खापर आमच्यावर फुटतं. मग जनित्राचे कार्बन ब्रश बघायचे, हँडलचा नट आवळायचा. हँडल फिरवायला असतं, लोंबकळायला नाही, हे मोठ्यांनाही सांगावं लागतं. सहल आली की बाई दारातूनच ओरडतात, "कशालाही हात लावायचा नाही!" हात लावण्यासाठीच बांधलेल्या दालनात!

त्या दिवशीच्या सहलीत एक अंध मुलगा होता, सातवी-आठवीतला. बाईंनी त्याला बाकावर बसवलं. "इथे सगळे दिवेच, त्याला काय कळणार?" दालन आहेच तसं. तरी मी त्याला जनित्रापाशी नेलं.

जनित्र मी स्वतः बांधलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आत कायमचुंबकाची डीसी मोटर आहे, उलटी वापरलेली: हाताने फिरवली की वीज देते. हाताच्या वेगाने पुरेसा व्होल्टेज मिळत नाही, म्हणून मध्ये गिअर. पुढे दोन दिवे: एक 9 वॅटचा एलईडी, दुसरा 60 वॅटचा, जुना तारेचा. उजेड जवळपास सारखाच, फरक हँडलवर. गुंडाळीतून प्रवाह वाहू लागला की ती फिरण्यालाच विरोध करते. लेंझ या भौतिकशास्त्रज्ञाने हा नियम 1834 मध्ये मांडला. एलईडीला हँडल जेमतेम जड होतं. साठच्या दिव्याला मोठ्या माणसाचाही दंड भरून येतो.

बाकीची मुलं दिवा लागला की ओरडतात आणि पुढे पळतात. हा फिरवतच राहिला. बटणाचा आवाज कळू नये म्हणून मी मागच्या पॅनेलमधून दिवे बदलत होतो. "आता छोटा. आता मोठा. आता काहीच नाही." एकदाही चुकला नाही. मग एकेका दिव्याच्या जाळीपाशी तळहात धरून म्हणाला, "म्हणजे माझी ताकद इथे तापण्यात गेली."

मग तांब्याचा पाइप. चुंबक तांब्याला चिकटत नाही, तरी पाइपमधून रेंगाळत उतरतो, कारण पडताना तो तांब्यात प्रवाह निर्माण करतो आणि तोच प्रवाह त्याला अडवतो. सगळे वाकून आत बघतात. यानं पाइप दोरीला धरून बोटावर लोंबकळत ठेवला आणि म्हणाला, "काका, चुंबक आत आहे तोवर पाइप जड होतोय."

इतकी वर्षं पाइप दाखवतोय, हे कुणी बोललं नव्हतं. संध्याकाळी पाइप ताणकाट्याला अडकवून पाहिला. चुंबक एका वेगाने उतरत असताना काट्यावर बरोबर चुंबकाचंच वजन वाढलेलं. चुंबकाला जे अडवतं त्याचा उलटा जोर पाइपवर पडणारच, पण मी तो कधी मोजला नव्हता.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे: दिवा लागला की लोकांचं लक्ष हातावरून उडतं. म्हणून दोन्ही दिव्यांवर पुठ्ठ्याचं झाकण घातलंय, आधी हाताने ओळखा आणि मग उघडा. निम्मे लोक "बिघडलंय वाटतं" म्हणून पुढे जातात. आणि वरून प्रस्ताव आलाय की हँडल काढून टच-स्क्रीन बसवावी, देखभाल कमी होईल. होईलच. मी शेऱ्यात विचारलंय की 9 आणि 60 वॅटमधला फरक त्या काचेवर हाताला कसा कळणार. अजून उत्तर नाही.