"एका वाक्यात सांगा, मॅडम"

काल टीव्हीवरच्या चर्चेत मी बोलले ते पाहून माझ्या जुन्या सरांनी एवढंच विचारलं, "वर्गात अशी बोलली असतीस का गं?" आणि काठी घेऊन किल्ल्याच्या बागेकडे फिरायला निघून गेले. रागावले असते तर सोसलं असतं. ते रागावलेले नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि मी "सर, तिथे वेळच नसतो" असं काहीतरी पुटपुटले. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

बाकी सगळे खूश आहेत. सासूबाईंचा वन्संना फोन करून झाला. कोपऱ्यावरचे भाजीवाले म्हणाले, "मॅडम, टीव्हीवर दिसला की ओ काल!" काय बोलले ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कॉलेजात नॅकच्या, म्हणजे मूल्यांकनाच्या, फाईलला लावायला स्क्रीनशॉट मागितला, तो दिला. आई असती तर... जाऊ दे.

विषय आमच्या सोलापूरच्या उजनी धरणाचा. धरण मायनसमध्ये गेलं की उन्हाळ्यात पडद्यावर तीच लाल पट्टी येते, उजनी कोरडी! वाहिनीतल्या मुलाचा फोन आल्यावर मी लगेच हो म्हटलं ते त्या पट्टीसाठीच. इतकी वर्षं फळ्यावर जे काढत आले ते एकदा अख्ख्या जिल्ह्यासमोर मांडता येईल, असं वाटलं. प्राचार्यांना विचारलं तर म्हणाले, "जा, पण कॉलेजचं नाव येऊ देऊ नका."

वर्गात मी आधी धरणाचा उभा छेद काढते. तळापासून 63.66 टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) मृतसाठा, त्यावर 53.57 टीएमसी उपयुक्त साठा, मिळून 117च्या थोडं वर. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या साठ्याची. तो संपला की शून्य, त्याखाली गेलं की उणे. घरच्या पिंपाला तोटी तळापासून वितभर वर असते, तोटीतून यायचं थांबलं तरी खाली पाणी असतंच, तसं. उणे पन्नास टक्के म्हणजे धरणात अजून 37 टीएमसीच्या आसपास शिल्लक. 2024च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली होती, तेव्हाही ती कोरडी नव्हती. एवढं झालं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, मग काळजी कशाला करायची? त्यावर सांगते की या शिल्लक आकड्यात गाळही आहे, आणि हे पाणी कालव्यात आपोआप चढत नाही. उपसावं लागतं किंवा नदीत सोडावं लागतं. यातच तास संपतो. ऊस दुसऱ्या तासाला.

काल काय मिळालं, तर तीन पक्षांचे तीन प्रवक्ते आणि कोपऱ्यातल्या चौकोनात मोबाईलसमोर बसलेली मी. मागे पुस्तकांचं कपाट दिसू द्या, असं त्या मुलाने आवर्जून सांगितलं होतं. नावाखाली 'जलतज्ज्ञ'. मी भूगोल शिकवते. मृतसाठ्यापर्यंत पोचते न पोचते तोच निवेदिका म्हणाली, "मॅडम, एका वाक्यात सांगा, जबाबदार कोण?" मी म्हटलं, उजनीची मूळ आखणी आठमाही पिकांची होती, आज तिच्या जिवावर बारमाही ऊस उभा आहे, तेव्हा पाण्याचा हिशेब... "म्हणजे ऊस बंद करा म्हणताय?" मी "नाही" म्हटलं. ते दोन प्रवक्त्यांच्या आवाजाखाली गेलं.

सकाळपर्यंत तो तुकडा व्हॉट्सॲपवर फिरत होता. वर ओळ: प्राध्यापिका म्हणतात ऊस बंद करा. मोहोळकडची एक मुलगी आहे दुसऱ्या वर्षाला, घरचा ऊस आहे, त्यावरच दोघी बहिणींची शिक्षणं चालली आहेत. तिने तो तुकडा मला पाठवून खाली लिहिलं, "मॅडम, खरंच?"

हे फार लागलं. तिला लांबलचक उत्तर लिहिलं. हिशेब मागणं म्हणजे पीक बंद करा म्हणणं नव्हे, टेलच्या, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाण्याची पाळी मिळत नाही तोही ऊसवालाच असतो, असं सगळं. ती माझ्या वर्गात आहे म्हणून तिला ते मिळालं. तिच्या वडिलांच्या गावात ज्यांनी ज्यांनी तो तुकडा पाहिला त्यांना कोण लिहिणार?

दुपारी वाटलं, बस झालं. इतकी वर्षं खडू झिजवायचा, नोट्स काढायच्या, पाणलोटात हिंडून मुलांना दाखवायचं, आणि लोकांच्या लक्षात राहणार ती न बोललेली एक ओळ. यांच्याशी उगाच भांडले. स्वयंपाकही धड झाला नाही.

पण सरांचा प्रश्न सोडेना. मग लक्षात आलं, टीव्हीवर जाऊ नकोस असं ते म्हणालेच नव्हते. म्हणणारही नाहीत. 1975-76 साली अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2400 गावांत टीव्ही दाखवला गेला, त्यात तिकडे विजापूर जिल्ह्यातलं सरांचं गाव होतं. जाळीची मोठी छत्री, समोर सगळं गाव मांडी घालून बसलेलं, आणि पडद्यावर शेतीचं, आरोग्याचं काहीबाही. सरांनी आयुष्यात पहिला टीव्ही पाहिला तोच मुळी शिकवणारा. पुढे 15 ऑगस्ट 1984 पासून दूरदर्शनवर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, कार्यक्रम लागू लागले, तेव्हा दुपारी ते विद्यार्थ्यांना घेऊन टीव्हीसमोर बसायचे. एक विषय, एक शिकवणारा, मध्ये तोडणारं कुणी नाही. पडदा आणि फळा त्यांना कधी वेगळे वाटलेच नाहीत.

तर सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वर्गात तास माझा असतो. तिथे तो दुसऱ्याचा असतो, आणि त्या दुसऱ्याला भांडण हवं असतं. हे बदलणं माझ्या हातात नाही. पण म्हणून घरी बसायचं? मी नाही गेले तर ती जागा रिकामी राहत नाही, चौथा प्रवक्ता येऊन बसतो. 2004मध्ये आपल्याला आपलं विद्यापीठ मिळालं, तेही एका जिल्ह्यापुरतं. त्याआधी सगळ्या कामांना कोल्हापूर गाठावं लागायचं. एका जिल्ह्याचं विद्यापीठ असताना त्या जिल्ह्याच्या पाण्यावर बोलायला त्यातलं कुणी पुढे यायचं नाही, तर मग ते कशासाठी मागितलं होतं? आमचे पगार याच लोकांच्या पैशातून होतात. मला वाटतं, जायलाच हवं. आपला विषय असेल तेव्हाच, आणि नावाखाली आपण जे आहोत तेच लिहायला लावून. निवडणुकीच्या निकालावर बोलवतात, तिथे अजिबात नाही.

संध्याकाळी त्याच मुलाचा फोन. आषाढी जवळ आली, पंढरपूरला चंद्रभागेत पाणी सोडायचा विषय आहे, येता का? म्हटलं, येते. पण आधी छेदाचं चित्र पडद्यावर दाखवायचं, आणि पहिली दोन मिनिटं मध्ये कुणी बोलायचं नाही. "विचारून सांगतो, मॅडम." बिचाऱ्याचा आवाज पडला. त्याच्या हातात तरी काय आहे? कदाचित नाहीच म्हणतील. म्हणू देत. मग तेच मोबाईलवर बोलून विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकीन. तुकडे फिरतात तर हेही थोडं फिरेल.

जेवण झाल्यावर कार्डशीटवर छेद काढला. 63.66वर लाल रेघ. वरच्या मजल्यावरच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या, त्यांनाच आधी दाखवला. चष्मा वर करून बघत राहिल्या, लाल रेघेखाली बोट ठेवलं. "म्हणजे एवढं आहे की ओ पाणी! मग आपल्याला चार-चार दिवसांनी का सोडतात?"

अख्ख्या चर्चेत हे एकानेही विचारलं नव्हतं. काकूंना बसवलं, आणि धरणातून सुटलेलं पाणी नदीने टाकळीपर्यंत कसं येतं, वाटेत किती मुरतं, तिथून पंपाने शहरात कसं चढवतात, हे कार्डशीटच्या पाठीमागे काढायला घेतलं.