पाहुणे फिरवण्याचं खातं

लग्नघरात जो उशिरा पोचतो त्याला उरलेलं काम मिळतं. भाचीच्या लग्नात मी शाळा सुटल्यावर पोचले, तोवर मांडव, आचारी, आहेर, रुखवत सगळं वाटून झालं होतं. जिभाऊंनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, यादीवरून मान न उचलता आमच्या अहिराणीत सांगितलं, "पाव्हनासले फिरावानं काम तुनाकडे."

"आपला गावमा काय शे दखाले?" म्हणजे आपल्या गावात बघायला आहे काय, मी विचारलं.

"ते तू दख."

आमचं चाळीसगाव. पुण्याहून भाचीच्या ऑफिसातले नऊ जण आणि मुंबईहून वहिनीच्या माहेरचे अकरा, असे वीस पाहुणे हळदीच्या आदल्या दिवशी सकाळीच उतरणार होते. भाचीनं व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच घोळ करून ठेवला होता. तिनं केदारकुंड धबधब्याचा ऑगस्टमधला फोटो टाकला होता, हिरवागार डोंगर आणि फेसाळतं पाणी. लग्न होतं डिसेंबरात. डिसेंबरात आमच्याकडचे धबधबे म्हणजे कातळावरची ओली रेघ. मी तसं लिहिलं, तर खाली सतरा अंगठे आले. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

गाडी दोन तास उशिरा आली. घरी नेऊन नाश्ता देईतो ऊन चढलं, मग लांब कुठे न्यायचं? म्हणून जवळचं पहिलं धरलं, छायाचित्रकार केकी मूस यांचं घर. स्टेशनाला लागूनच आहे, आता तिथे संग्रहालय आहे. बंद दारासमोर वीस माणसं उभी राहायला नकोत म्हणून मी आदल्या दिवशीच जाऊन विचारून आले होते.

इथे एक कबुली द्यायला हवी. या घरावरून मी आयुष्यभर ये-जा केली आणि आत कधी गेले नव्हते. मूस गेले ३१ डिसेंबर १९८९ला, तेव्हा मी नववीत होते. आमच्या लेखी ते 'घराबाहेर न पडणारे पारशी बाबा' एवढेच. १९१२ साली मुंबईत जन्म, विलायतेत कलेचं शिक्षण, आणि परत येऊन जे या घरात शिरले ते जवळजवळ पन्नास वर्षं बाहेर पडले नाहीत म्हणतात. घराला नाव दिलं 'रेम्ब्रां'ज रिट्रीट'. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, उजेड पाडून ते असे फोटो काढत की बघणाऱ्याला अख्खा देखावा खरा वाटावा. बर्फातल्या देखाव्यासमोर भाचीच्या ऑफिसातला एक मुलगा बराच वेळ उभा होता. "हे कुठलं गाव?" त्यानं विचारलं. "टेबल," मी म्हटलं.

मग ती पंजाब मेलची गोष्ट निघालीच. गावात सगळे सांगतात ती: एका मुलीनं येईन म्हणून शब्द दिला होता, म्हणून हे रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला घरातले दिवे लावून, दोघांचं जेवण मांडून बसत. खरं-खोटं देव जाणे. पोरी गप्प झाल्या. वहिनीची मावशी, वय अडुसष्ट, तेवढी म्हणाली, "आणि ते दुसरं ताट मग कोण जेवायचं?" याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

दोन तास कसे गेले कळलं नाही. रात्री शेतावर भरीत केलं. हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचली, वरून कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. मुंबईकरांनी पहिल्या घासाला पाणी मागितलं आणि तिसऱ्या घासाला आणखी भरीत. इथपर्यंत माझं खातं नफ्यात होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे हळदीच्या दिवशी, मी हाव केली. सकाळी पाटणादेवी आणि तिथून घाट चढून पितळखोऱ्याची लेणी, असा बेत. हळद पाचला. जिभाऊंना फक्त पाटणादेवी सांगितली होती.

दोन क्रूझर ठरवल्या. साडेसहाला निघायचं ठरलं आणि पावणेआठला निघालो, कारण वीस माणसं आणि दोन न्हाणीघरं. पाटणादेवी गावापासून अठराएक किलोमीटर, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात, तिन्ही बाजूंनी डोंगर. देवीचं दर्शन झालं, माकडांनी एका पिशवीतली केळी नेली, ओली रेघही बघून झाली. पुण्याच्या पोरांचं तोंड उतरलेलं बघून मी शिलालेखाचा विषय काढला. शाळेत इतिहास शिकवते, तेवढंच भांडवल. पाटणच्या देवळातला शके ११२८चा लेख, भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, आणि त्या मठाला काय काय दिलं त्याची नोंद. लेख संस्कृत, पण शेवटी चक्क मराठी: 'इयां पाटणीं जें केणें उघटे', म्हणजे या पाटणात जो माल विकायला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे येणं होतं ते मठाला दिलं. "म्हणजे जीएसटी गणिताच्या क्लासला," एक पोरगा म्हणाला. मी वर्गात आता हेच सांगते.

इथूनच परत फिरले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पितळखोऱ्याला पायऱ्या उतरून दरीत जावं लागतं, आणि उतरलेलं सगळं परत चढावं लागतं. लग्नाला आलेल्या माणसांच्या पायांत लग्नाच्या चपला असतात हे मला सुचायला हवं होतं. एकीचा पट्टा तिसाव्या पायरीला तुटला, ती उरलेल्या अनवाणी उतरली. मावशी वरच बसली, भाकरीचा डबा मांडीवर घेऊन. पण खाली पोचल्यावर कुणी कुरकुर केली नाही. विहाराच्या जोत्यावर दगडी हत्तींची ओळ, दाराशी द्वारपाल, आणि भिंतीवर पाच फण्यांचा नाग, त्याच्या फण्यांतून पाणी यावं म्हणून पन्हळी कोरलेल्या. दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी. दान देणाऱ्यांत पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं नाव आहे. इथला एक बुटका हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो, त्याच्या तळहातावर कोरलंय की कान्हदास सोनारानं तो केला. वर येऊन मावशीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "सोनार दगडात हात घालतो तेव्हा समजावं, सोन्याचा भाव तेव्हाही असाच होता."

तीनला निघालो. घाटात एक ट्रक बंद पडला होता.

हा औट्रम घाट ज्याच्या नावाचा, तो औट्रम १८२५च्या सुमारास खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी. एरवी मी हे रंगवून सांगते. त्या दिवशी कुणालाच ऐकायचं नव्हतं. साडेचार झाले. फोनला रेंज येत-जात होती, आणि आली की जिभाऊ. "कथा शेतस सगळा?" म्हणजे कुठे आहेत सगळे. मी म्हटलं, "पाटणादेवीहून निघालोय." खोटं नव्हतं, सकाळी निघालोच होतो.

वेळ काढायला म्हणून पुण्याची एक पोरगी म्हणाली, आत्या, भास्कराचार्यांची अजून एखादी गोष्ट सांगा ना. आणि मी, अक्कल गहाण ठेवून, लीलावतीची दंतकथा सुरू केली. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त चुकू नये म्हणून बापानं घटिकापात्र, म्हणजे तळाला भोक असलेलं पाण्यातलं घड्याळ, लावलं, ती वाकून बघायला गेली, तिच्या अंगावरचा मोती पात्रात पडून भोक बुजलं, पाणी शिरेना आणि मुहूर्त…

"गप गं बाई!" मागच्या सीटवरून मावशी कडाडली. "हळद ताटात आहे, पोर पाटावर बसायचीय, आणि तू मुहूर्त कसले बुडवतेस?"

पुढे क्रूझरमध्ये कुणी बोललं नाही. ड्रायव्हरनंसुद्धा गाणं बंद केलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी मांडवात शिरलो. भाची पाटावर, सुवासिनी खोळंबलेल्या, वरण-बट्टीतलं वरण तिसऱ्यांदा गरम होत होतं. चपलेचा पट्टा तुटलेली मुलगी अनवाणीच हळद लावायला धावली, तिच्या तळव्यांना दरीतली लाल माती तशीच. वहिनी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

लग्नानंतर पुण्याचे दोघे एक दिवस जास्त राहिले, केकी मूस परत बघायला. मी ते जिभाऊंना जरा अभिमानानंच सांगितलं. ते आहेराची वही तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "पुढला लगीनमा तू फक्त वरन वाढजो."