तोरणमाळची रात्र

धुळ्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम. ट्रक, बस, ॲम्ब्युलन्स येतच असतात. जानेवारीत एक काका मात्र जुनी सतरा सीटर घेऊन आले. आत दोन पलंग, ओटा, सिंक, सगळं बसवलेलं. "लेहले जानं शे भाऊ, आत ऊब पाहिजे." गॅसचा हीटर की विजेचा, एवढंच ठरत नव्हतं. काकूंना गॅसची धास्ती. मी विजेच्या बाजूनं बोललो. वायरिंगवाला दुसरं काय सांगणार!

आधी तोरणमाळला एक रात्र काढून बघू, असं ठरलं. शहाद्यावरून घाट चढलो की उंची 1100 मीटरच्या वर. जानेवारीत तिथं हाडं वाजतात. एका लॉजच्या आवारात गाडी लावली, त्यांच्या व्हरांड्यातून एक्स्टेन्शन घेतलं. गळालेला गॅस बाहेर पडावा आणि हवा खेळावी म्हणून गाडीच्या तळाला ठेवलेल्या जाळीतून गार वारा येत होता, म्हणून मी तिच्यावर टेप मारला. भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन मी लॉजच्या खोलीत पडलो.

दहा वाजता काकांचा फोन, काहीतरी जळाल्याचा वास येतोय. हीटर 2000 वॅटचा, म्हणजे 230 व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर. सॉकेट होता सहाचा. मीटर लावला तर व्होल्टेज 175. म्हणजे ऊब जेमतेम साडेअकराशे वॅटची, तरीही तीन पिनचा प्लग मऊ पडलेला. बॅटरीवर चालवायचं म्हटलं तर 150 अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीच वापरता येते. पंचवीस मिनिटंही टिकली नसती. हे गणित मी धुळ्यातच करायला हवं होतं.

"दहा मिनिटं गॅस लावतो," म्हणत काकांनी जाळीच्या तव्याचा हीटर आणि पाच किलोचं सिलिंडर बाहेर काढलं. मी हो म्हणून झोपायला गेलो.

अडीचला जाग आली ती त्या टेपच्या आठवणीनं. धावत गेलो. काचा आतून अशा पाझरत होत्या की बाहेर पाऊस पडतोय असं वाटावं. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं, ते काचेवर बसलं होतं. पण भीती पाण्याची नव्हती. बंद जागेत हवा कमी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते, आणि त्याला वास नसतो. गॅसला वास घालतात तो गळती कळावी म्हणून. जळाल्यावर त्याचा काय उपयोग?

चार-पाच वेळा दार बडवलं तेव्हा काकूंनी उघडलं. "मन्हं डोकं दुखस," एवढंच म्हणाल्या. दोघांना गोधडीसकट बाहेर लॉजच्या व्हरांड्यात आणून बसवलं, हीटर बंद केला, दारंखिडक्या सताड उघडल्या. उजाडेपर्यंत डोकं उतरलं, तरी शहाद्याला डॉक्टरांना दाखवूनच पुढे निघालो.

घाट उतरताना काका गप्प होते. मग म्हणाले, "आता काय बसवशील?" मी सांगितलं, हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा, बंद चेंबरचा गॅस हीटर, बॅटरीवर फक्त त्याचा पंखा. लेहच्या थंडीत आपल्या सिलिंडरातला ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचं सोडतो, प्रोपेन मात्र उणे 42 पर्यंत उकळतो. तेव्हा सिलिंडर बाहेरच्या पेटीत ठेवलं तरी प्रश्न उरतोच.

"आणि टेप?" काकूंनी मागून विचारलं.

मी आरशात पाहिलं नाही.