तापमानाच्या बटणाआधी

सोमवार

सर्किट बोर्डावर सोल्डरचा जॉइंट नीट बसला नाही की हात आधी सोल्डरिंग आयर्नच्या तापमानाच्या बटणाकडे जातो. आयर्न ३५० अंशांवर असेल तर ३८०, ३८० वर असेल तर ४२०. एखादा हट्टी पॅड (पार्टचा पाय जिथे जोडला जातो ती बोर्डावरची तांब्याची जागा) त्याने सुटतोही, पण धातू स्वच्छ करून सोल्डर पसरू देणारं फ्लक्स काम करण्याआधीच जळतं, तांब्याचा पॅड बोर्डापासून उचलला जातो आणि आयर्नचं टोक, म्हणजे बिट, काळी पडते. खरं तर बहुतेक वेळा उष्णता कमी नसते, ती पोचत नसते. ग्राउंडच्या, म्हणजे बोर्डातल्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेल्या, पॅडवर सुईसारख्या टोकाची बिट ४०० अंशांवर जे करू शकत नाही, ते छिन्नीच्या आकाराची रुंद बिट ३४० वर करते. टेकायला जागा जास्त मिळते, एवढाच फरक.

काळ्या बिटचं निदान सोपं. सोल्डर तिला चिकटत नाही, गोळी होऊन ओघळतं. आयर्न २५० अंशांच्या आसपास आणायचं, पितळी लोकरीवर बिट पुसायची, फ्लक्सवालं सोल्डर लावायचं आणि हेच चार-पाच वेळा करायचं. कानस किंवा पॉलिश पेपर मात्र कधीच नको. आतल्या तांब्यावर लोखंडाचा पातळ थर असतो. तो गेला की सोल्डर तांबं खात सुटतं आणि बिटला खड्डा पडतो. आयर्न बंद करताना टोकावर सोल्डरचा जाड थेंब ठेवायचा. पुसून चकचकीत केलेली बिट सकाळपर्यंत गंजते.

बुधवार

लहान पार्टसाठी स्टेन्सिल या छिद्रांच्या पत्र्यातून पॅडवर सोल्डरची पेस्ट छापायची, वर पार्ट ठेवायचे आणि ओव्हनमध्ये पेस्ट वितळवायची. यात दोष कुठे येतो, हे दोष कोणता आहे याच्याइतकंच बोलकं असतं. प्रत्येक बोर्डावर नेमक्या त्याच जागी येत असेल तर स्टेन्सिल किंवा पॅडची रचना. जागा बदलत असेल तर पेस्ट किंवा हाताळणी. बोर्डाच्या एकाच कडेला असेल तर छपाईच्या वेळचा खालचा आधार, नाहीतर ओव्हन.

उदाहरणार्थ, एका टोकावर उभा राहिलेला ०४०२ कॅपॅसिटर, जेमतेम १ मिमी लांबीचा. दरवेळी तोच उभा राहत असेल तर त्याचा एक पॅड सरळ ग्राउंड प्लेनमध्ये, म्हणजे ग्राउंडच्या त्या मोठ्या थरात, गेलेला असतो आणि दुसऱ्याला बारीक ट्रॅक असतो. बारीक ट्रॅककडची पेस्ट आधी वितळते आणि तिचा पृष्ठताण पार्टला ओढून उभा करतो. इथे पीक, म्हणजे ओव्हनमधलं कमाल तापमान, वाढवून काही होत नाही. वितळण्याच्या आधीचा टप्पा, १५० ते २०० अंशांचा, थोडा लांबवला की दोन्ही पॅड जवळजवळ एकदमच २१७ अंशांचा वितळणबिंदू ओलांडतात. कायमचा उपाय पुढच्या डिझाइनमध्ये: ग्राउंडचा पॅड प्लेनला चार बारीक पट्ट्यांनी जोडायचा.

०.५ मिमी पिचच्या (दोन पायांमधलं अंतर) आयसीवर पाय जुळून शॉर्ट होत असतील तर आधी स्टेन्सिल उलटी करून पाहायची. खाली पेस्ट लागलेली असेल तर दाब जास्त आहे, किंवा बोर्डाला खालून आधार नसल्याने तो लवतोय आणि फट पडतेय. पेस्ट ओढणारी पट्टी, स्क्वीजी, गेल्यावर स्टेन्सिलचा वरचा भाग जेमतेम स्वच्छ दिसावा, इतकाच दाब पुरतो.

पार्टच्या बाजूला सोल्डरचे बारीक मणी दिसले तर पेस्टच्या डबीची चौकशी करावी. डबी फ्रिजमध्ये २ ते १० अंशांवर असते. बाहेर काढल्यावर झाकण न उघडता साधारण चार तास ठेवायची. गार डबी उघडली की हवेतलं पाणी पेस्टवर जमतं आणि ओव्हनमध्ये तेच उडतं. कितीही घाई असली तरी हीटरजवळ ठेवून तिला गरम करू नये.

गुरुवार

ओव्हनच्या पडद्यावरचा आकडा झोनचा, म्हणजे ओव्हनच्या त्या कप्प्याचा, असतो, बोर्डाचा नव्हे. तापमान मोजणारे के टाइपचे थर्मोकपल बोर्डावरच लावायचे: एक सर्वांत जड पार्टपाशी, एक कडेच्या लहान रेझिस्टरपाशी. एसएसी३०५ या शिसेविरहित सोल्डरसाठी चढण सेकंदाला १ ते ३ अंश, २१७ च्या वर ४५ ते ९० सेकंद, पीक २३५ ते २५०. जड पार्ट २२८ आणि लहान पार्ट २४९ दाखवत असेल तर झोन वाढवणं म्हणजे लहान पार्ट भाजणं. अशा वेळी कन्व्हेयर हळू करून दोन्हींतलं अंतर आधी कमी करायचं.

६३/३७ या कथिल-शिशाच्या सोल्डरची सवय झालेल्या डोळ्यांना शिसेविरहित जॉइंट उगीच ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न जुळलेला, वाटतो. तो मुळातच मंद आणि थोडा खरखरीत दिसतो. चकाकी सोडून कड पाहावी. सोल्डर पॅडवर पातळ होत पसरलं असेल तर जॉइंट ठीक, थेंबासारखं फुगून बसलं असेल तर नाही.

शनिवार

बोर्डावर पार्ट ठेवणारं पिक अँड प्लेस मशीन पार्ट टाकून देत असलं की आधी कॅमेऱ्याला दोष दिला जातो. त्याची चूक क्वचितच असते. एकाआड एक पिक रिकामी जात असेल तर दर ४ मिमीवर पार्ट असलेल्या टेपला, ती पुढे सरकवणारा फीडर २ मिमीवर लावलेला आहे. याच्या उलट झालं तर मशीन तक्रारच करत नाही, एकाआड एक पार्ट न उचलता पुढे सरकतो आणि रीळ निम्म्यात संपतं. एकच पार्ट सगळ्या नोझलवर (पार्ट हवेने ओढून उचलणारी नळी) चुकत असेल तर फीडर पाहायचा. एकच नोझल वेगवेगळे पार्ट पाडत असेल तर ती काढून उजेडासमोर धरायची. भोकात सुकलेली पेस्ट दिसली तर आयपीए या अल्कोहोलमध्ये भिजवायची. भोक स्वच्छ असेल तर व्हॅक्यूमचा फिल्टर बदलायचा.