मेन एसटी

कॉलेजात असताना एका मित्राकडे रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडची कॅसेट पाहिली. नावातल्या ‘स्ट्रीट’चं लघुरूप करून नुसतं एस-टी छापलेलं. तालुक्याच्या गावातून आलेल्या मला एसटी म्हणजे लाल डबाच ठाऊक. ‘एक्झाइल ऑन मेन एसटी’ असं मी मोठ्यांदा वाचलं आणि वर्षभर त्याचा मार खाल्ला.

एक्झाइल म्हणजे हद्दपारी. पण यांना कुणी हाकललं नव्हतं. इंग्लंडात कराची थकबाकी डोक्यावर बसली होती, म्हणून १९७१ च्या वसंतात अख्खा बँड फ्रान्सला निघून गेला. बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने नीसजवळ, व्हिलफ्रांशच्या खाडीवर ‘नेलकोत’ नावाचा व्हिला भाड्याने घेतला. उंच छत, झुंबरं, समोर निळा समुद्र. आपल्याकडे वनवासाला वल्कलं तरी नेसावी लागतात!

घराचं मात्र लग्नघर झालं. बायकापोरं, वादक, तंत्रज्ञ, फोटोग्राफर, नशेचा माल आणणारे. आला तो जायचं नाव काढेना. कीथचा मित्र, अमेरिकन गायक ग्रॅम पार्सन्स कित्येक आठवडे राहिला, शेवटी त्याला जा म्हणावं लागलं. एवढ्या गर्दीत कुणीतरी गिटारी चोरून नेल्या, यात मला तरी नवल वाटत नाही.

रेकॉर्डिंग तळघरात. दाराशी बँडचा फिरता स्टुडिओ, म्हणजे यंत्रांनी भरलेला ट्रक. त्याच्या वायरी जिन्यावरून खाली सोडलेल्या. खाली लहान लहान खोल्या, एक वादक इथे, दुसरा पलीकडे. उकाडा आणि दमट हवा अशी, की गिटार लावून होते न होते तोच तारा उतरायच्या. पावसाळ्यात तबला लावता लावता हातोडी टेकणाऱ्याला हे दुःख वेगळं सांगायला नको. कधी सगळे जमायचेच नाहीत. ‘हॅपी’ या गाण्याची सुरुवात अशाच एका दिवशी झाली: कीथ, सॅक्सोफोनवाला बॉबी कीज आणि ड्रमवर चक्क निर्माता जिमी मिलर. बाकीचे येईपर्यंत गाणं उभं राहिलेलं. हवेसाठी एक लहानसा पंखा होता, त्याच्यावरूनही गाणं निघालं, ‘व्हेंटिलेटर ब्लूज’.

अल्बमचं आधीचं नाव होतं ‘ट्रॉपिकल डिसीज’. उष्ण प्रदेशातला आजार! त्या तळघराला ते अगदी चपखल बसलं असतं. पण लॉस एंजेलिसला जाऊन उरलेलं काम उरकलं आणि मे १९७२ मध्ये अठरा गाण्यांचा, दोन तबकड्यांचा जोड अल्बम आला तो हद्दपारीचं नाव लावून. नाव बदललं ते बरंच केलं, असं मला वाटतं. आजार बरा होतो, मग त्या नावात काही उरत नाही. हद्दपारीत घरची आठवण आपोआप येते, भले ती झुंबराखाली बसून का काढलेली असेना.

मित्र अजून भेटला की विचारतो, “काय रे, मेन एसटी लागली का?” मी म्हणतो, अजून नाही.