हसायचं कशावर?

सध्या एका विनोदी सिनेमाचं संकलन करतेय, नायक म्हातारा ट्रक ड्रायव्हर आहे, एवढं सांगितलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो: "त्यात हसायचं कशावर?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा कपाळावरचा चष्मा शोधणारे, भलतंच ऐकणारे आजोबा असतात. तसले प्रसंग होते, मी कापले. म्हातारपणाला हसण्यात दहा मिनिटं जातात, मग प्रेक्षकालाच ओशाळल्यासारखं होतं.

खरी गंमत केबिनमध्ये आहे. लांब पल्ल्याच्या बऱ्याच ट्रकांत ड्रायव्हरची सीट हवेच्या फुग्यावर तरंगते, शेजारची मात्र साधी, घट्ट ठोकलेली. खड्डा आला की म्हातारा झोपाळ्यावर बसल्यासारखा डुलतो आणि शेजारच्या तरण्याबांड पोराचे दात वाजतात. संवाद लागतच नाही. त्यात दोघं भांडणार तेही समोर बघून. उठून जायची सोय नाही. रुसून खिडकीबाहेर बघायचं तर तेही फक्त पोरालाच परवडतं!

ट्रकला जोडलेला ट्रेलर रिव्हर्समध्ये मागे घेणं हा तर खजिनाच. त्याचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं. पोरगा खाली उभा राहून "डावीकडे, डावीकडे!" ओरडतो, म्हातारा शांतपणे उजवीकडे फिरवतो, पोरगा कपाळावर हात मारतो आणि ट्रेलर बरोब्बर जागेवर जाऊन बसतो. मग एअर ब्रेकचा 'फुस्स'. त्यापुढचं वाक्य मी काढून टाकलं.

संथपणालाही हसता येतं. 'द स्ट्रेट स्टोरी' (१९९९) मध्ये गवत कापायच्या यंत्रावर बसून लांबच्या प्रवासाला निघालेला म्हातारा आहे. कॅमेरा त्याला सोडून आकाशाकडे जातो, रेंगाळतो, खाली येतो. बघतो तर स्वारी जेमतेम पुढे सरकलेली! ते काम करणारे रिचर्ड फार्न्सवर्थ मूळचे स्टंटमन. त्यासाठी त्यांना ७९व्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं.

आमच्या सिनेमात म्हातारा केबिनमधून उतरतो. पाठमोरा, दोन्ही हात दांड्यांना, पाय खालची पायरी चाचपतोय. सापडते. दुसरा पाय. शेवटच्या पायरीवर थांबून तो जमिनीचा अंदाज घेतो.

दिग्दर्शक म्हणाला, "फार लांबतंय. काप."

म्हटलं, "आधी त्याला उतरू तर दे."