शिक्क्यानंतरचे दोन तास

बर्लिन, रविवार, रात्री उशिरा

इथल्या बसमध्ये कंडक्टर नसतो. ही गोष्ट कळते पहिल्याच दिवशी, अंगवळणी पडायला मात्र महिने जातात. तिकीट काढायचं, ते सुरू करायचं आणि उतरेपर्यंत जपायचं, सगळं आपणच.

यातलं 'सुरू करणं' नेमकं विसरलं जातं. स्टेशनवरच्या मशीनमधून काढलेलं कागदी तिकीट शिक्का बसेपर्यंत नुसता कागद असतो. पुढच्या दाराने चढलं की जवळच एक छोटी पेटी दिसते. तिच्या फटीत तिकीट बाणाच्या दिशेने आत सारायचं, कर्र आवाज येतो, वेळ छापली जाते. मग ती वेळ वाचायची. शाई फिकी असेल तर तिथल्या तिथे ड्रायव्हरला दाखवायचं. तपासनीस बरेचदा साध्या कपड्यांत असतात आणि दंड ६० युरोंचा. पैसे भरून काढलेल्या तिकिटावर दंड का, असं नवख्याला वाटतं. पण बिनशिक्क्याचं तिकीट उद्याही वापरता येईल, म्हणून ते विनातिकीटच धरतात. मला हे रास्त वाटतं. मोबाइलवरचं तिकीट मात्र चढण्याआधीच घ्यावं. ड्रायव्हर रोख पैसे घेत नाही, सुटे नाण्यांची पुरचुंडी काही कामाची नाही.

जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास, डॉइचलँड-टिकेट, असेल तर शिक्क्याची कटकट नाही, पण फोनची बॅटरी संपली की तेही दाखवता येत नाही. ते स्वतःच्या नावावर असतं, म्हणून नंतर नेऊन दाखवलं की ६० ऐवजी ७ युरोंवर निभावतं. चार्जर जवळ ठेवलेला बरा.

छोट्या अंतराचं स्वस्त तिकीट बसने सहा थांब्यांपर्यंत चालतं, पण मध्ये बस बदलता येत नाही. चढलो तो थांबा मोजायचा नाही, पुढचा पहिला.

रविवार ते गुरुवार रात्री उशिरा भुयारी रेल्वे बंद असते. तेव्हा रात्रीची 'एन' बस शोधायची, बहुतेक भुयारी मार्गाचाच आकडा: यू२ ऐवजी एन२. शुक्रवार-शनिवारच्या रात्री रेल्वे चालू असते, तिथे घोटाळा होतो.

'एबी' विभागाचं, म्हणजे शहराच्या हद्दीपर्यंतचं, साधं तिकीट शिक्क्यापासून दोन तास चालतं. परतीचा प्रवास त्यावर नाही, पण त्याच दिशेने मध्ये उतरून पुन्हा चढता येतं. पाहुणे आले की १०० नंबरची दुमजली बस याच हिशेबाने घ्यावी. झूलॉगिशर गार्टन ते अलेक्झांडरप्लाट्झ, भिंत पडल्यावर १९९० मध्ये पूर्व-पश्चिम जोडणारी ही बस. वर उभं राहायला मनाई, जागा नसेल तर खालीच थांबायचं. राइखस्टागपाशी, म्हणजे संसदेपाशी, उतरावं, घुमट पाहावा आणि शिक्क्यावरची वेळ पाहून त्याच दिशेची पुढची १०० पकडावी.